थंडी अजून गेलेली नाही



अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीची जत्रा भरते, तोवर तिकडे थंडीने गाशा गुंडाळलेला असतो. शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, असं आमच्या घरातली वडीलधारी माणसं म्हणायची आणि ती खरोखरच जायची. वालधुनीच्या काठावरच्या त्या शके 982 च्या, म्हणजे 1060 सालच्या दगडी देवळाबाहेर पहाटेच्या रांगेत अंगावर शाली असायच्या आणि दुपारच्या रांगेत जो तो सावली शोधायचा. शेजारचं बदलापूर समुद्रापासून आत, डोंगरांच्या जवळ. तिथली हिवाळ्यातली पहाट मुंबईपेक्षा गार. पण फेब्रुवारी उतरणीला लागला की तिथेही पंखे फिरू लागतात. 2025 च्या फेब्रुवारीअखेर तर हवामान खात्याने मुंबई-ठाण्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता.

बॉस्टनच्या आसपासच्या आपल्या मंडळात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून आलेली घरं बरीच आहेत. माझंही त्यातलंच एक. कर्जत मार्गाच्या लोकलमध्ये वाढलेली ही माणसं पावसाला पुरेपूर ओळखून असतात. हिवाळ्याच्या बाबतीत मात्र आपण सगळेच अंगात मुरलेलं तिकडचं पंचांग इथे चालवू पाहतो. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, शिवरात्रीचा उपास सुटला, होळी तोंडावर आली. आता सुटलो, असं वाटायला लागतं. बर्फाचं फावडं गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जातं. मिठाची पिशवी संपली तरी नवी आणायचं राहून जातं. इथल्या किनाऱ्यावरची सर्वांत दांडगी वादळं याच दिवसांत येतात, म्हणून या अंकाचं संपादकीय हवामानावर.

2015 साल आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. त्या वर्षी महाशिवरात्र 17 फेब्रुवारीला होती. त्याआधीच्या तीन आठवड्यांत बॉस्टनवर एकामागून एक चार मोठी वादळं येऊन गेली होती. एकट्या फेब्रुवारीत 64.8 इंच बर्फ पडला आणि त्या हिवाळ्याची बेरीज 110.6 इंचांवर गेली, म्हणजे नऊ फुटांच्या वर. बॉस्टनच्या नोंदींमधला तो उच्चांक आहे; एरवी इथे सरासरी पन्नास इंचांच्या आसपास पडतो. 'टी' ही इथली मेट्रो बंद पडली, शाळा बंद राहिल्या, छपरांवरून बर्फ ओढून काढायला माणसं मिळेनात. शहरातून उचललेल्या बर्फाचा सीपोर्टमधला डोंगर पूर्ण वितळायला 14 जुलै उजाडला. बदलापूरच्या शिवारात तेव्हा भातलावणीचे दिवस असतात.

हा एकच हिवाळा तसा होता असंही नाही. 1978 चा मोठा ब्लिझर्ड 6 आणि 7 फेब्रुवारीचा. बॉस्टनमध्ये 27.1 इंच बर्फ पडला, रूट 128 वर 3000 हून अधिक मोटारी आणि 500 ट्रक जागच्या जागी रुतले, आणि गव्हर्नर मायकल डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवरून लोकांना घरातच थांबायला सांगत राहिले. जवळपास आठवडाभर रस्त्यांवर खासगी गाड्यांना बंदी होती. 1993 चं 'शतकातलं वादळ' 12 ते 14 मार्चचं. 1997 मध्ये तर 31 मार्चच्या संध्याकाळी सुरू झालेल्या बर्फाने 1 एप्रिलपर्यंत बॉस्टनला 25.4 इंचांखाली गाडलं. आणि 2018 चा मार्च! तीन आठवड्यांत चार वादळं. त्या वर्षी गुढीपाडवा 18 मार्चला होता, तिसऱ्या आणि चौथ्या वादळाच्या मध्ये. ज्यांनी डेकवर गुढी उभारली, त्यांनी आधी डेकवरचा बर्फ उपसला असेल.

असं का होतं, ते समजून घेतलं तर गाफीलपणा कमी होईल. मार्चमध्येही कॅनडावर हाडं गोठवणारी कोरडी हवा साठलेली असते. दक्षिणेकडे जमीन तापू लागलेली असते आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरून गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी वाहत असतं. कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ या गार आणि कोमट हवेची गाठ पडली की कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि किनारा धरून वर सरकू लागतं. दोन हवांमधली तफावत जितकी जास्त, तितका त्याचा जोर वाढतो. आणि हिवाळा संपताना उत्तर अजून थंड, दक्षिण तापलेली, अशी तफावत भरपूर असते. वारे वादळाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे आपल्याकडे ते ईशान्येकडून, थेट समुद्रावरून, ओलावा घेऊन येतात. हेच आपलं नॉरईस्टर. वादळाचा मार्ग पन्नास मैल इकडे-तिकडे झाला की केप कॉडला नुसता पाऊस आणि वूस्टरला दोन फूट बर्फ, असंही घडतं. त्यामुळे 'अंदाज चुकला' म्हणून पुढच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नये. भरतीची वेळ आणि वादळाची वेळ एक झाली तर सिच्युएट, मार्शफील्डसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत समुद्र रस्त्यावर येतो, ते वेगळंच.

उतरत्या हिवाळ्यातला बर्फ जानेवारीच्या बर्फासारखा भुसभुशीत नसतो. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणून तो ओला आणि जड पडतो. ओल्या सिमेंटसारखा फावड्याला चिकटतो. फांद्या मोडतात, तारा तुटतात, वीज जाते. आणि तो उपसताना माणसाच्या हृदयावर जो ताण येतो, त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात वाकून, श्वास रोखून, हातांच्या जोरावर ओझं उचलायचं. क्यूबेक प्रांतातल्या 1981 ते 2014 या काळातल्या नोंदींचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर, म्हणजे आठ इंच बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण, बर्फ न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, 16 टक्क्यांनी आणि झटक्याने मृत्यू येण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी जास्त आढळलं. दक्षिण आशियाई माणसाला हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो, हे आपले डॉक्टर सांगून थकले आहेत. ही दोन वाक्यं एकत्र वाचा.

आणि घरात आई-बाबा आलेले असतील तर आणखी एकदा वाचा. बाळंतपणासाठी म्हणून पुष्कळांचे आई-वडील ऐन हिवाळ्यात येतात. मुलगा-सून कामावर, नातवंड झोपलेलं, बाहेर दीड फूट बर्फ. आयुष्यभर बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून नोकरी केलेले, निवृत्तीनंतरही रोज चालायला जाणारे बाबा म्हणतात, 'नुसता बसून काय करू? तेवढा दारातला बर्फ काढून ठेवतो.' त्यांचा हेतू सोन्यासारखा आहे. त्यांना थांबवा. उत्साही माणसाला नाही म्हणणं जड जातं, मुलाने वडिलांना म्हणणं तर फारच. पण या एका बाबतीत भीड ठेवू नका. त्यांचा प्रवासी विमा जुन्या आजारांच्या बाबतीत किती तोकडा असतो, हेही ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या पाइपची. नव्या फर्नेसचा धूर तिथून बाहेर पडतो आणि तो पाइप पुष्कळदा जमिनीपासून फार उंच नसतो. वाऱ्याने साठलेल्या बर्फात तो गाडला गेला की कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी 2005 मध्ये प्लिमथ गावात असाच बर्फाने धुराचा मार्ग बुजला आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या नावाने झालेल्या 'निकोल्स लॉ'मुळे मॅसॅच्युसेट्समधल्या घरांत कार्बन मोनॉक्साइडची घंटा सक्तीची झाली. ती घंटा आज चालू आहे ना, ते तपासा. वादळ चालू असताना दर काही तासांनी पाइपभोवतीचा बर्फ बाजूला करा. रुतलेली गाडी सुरू करण्याआधी तिच्या मागच्या नळीपुढचा बर्फ काढा, आणि मुलांना गरम वाटावं म्हणून आधी आत बसवू नका.

संकटात शेजाऱ्याकडे धावून जाणं आपण तिकडच्या पावसात शिकलो. त्याच 2005 सालच्या 26 जुलैला मुंबईच्या सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, त्या हिशोबाने हा पाऊस बर्फ होऊन पडला असता तर तीस फुटांच्या वर थर साचला असता. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांनी त्या दिवशी आमच्या पट्ट्यात काय केलं, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. गाड्या बंद, फोन बंद, दिवे गेलेले. तळमजल्यावरची बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर गेली आणि वरच्या मजल्यावरच्यांनी त्यासाठी निरोपाची वाट पाहिली नाही.

2019 मध्ये पुन्हा तसंच. 26 जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत सुमारे 1050 माणसं, त्यांत गरोदर बायका, लहान मुलं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आली; आणि त्यांच्या जोडीला आजूबाजूच्या गावांतली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. बदलापुरात त्यांच्या चहा-जेवणाची सोय झाली. पावसाळ्यात उल्हास नदीची बदलापूरची पातळी 17.50 मीटरच्या धोक्याच्या खुणेकडे सरकू लागली की आजही नदीकाठचे लोक एकमेकांना फोन करतात, 'चौपाटीवर पाणी कुठपर्यंत आलंय?' त्या एका प्रश्नावर कोणाचं सामान उचलायचं, कोणाच्या आजीला हलवायचं, हे ठरतं.

उल्हासनगरची तर घडणच अशी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली, आणि 1949 साली त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्पचा नंबर सांगतात. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये नावापुरता आडोसा. शेजारी आजारी आहे हे कळायला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

इथे आपली घरं एकेकटी उभी आहेत. खिडक्या बंद, हीटर चालू, मध्ये लांबलचक ड्राइव्हवे आणि त्यावर दोन फूट बर्फ. शेजारच्या गावात आपलंच मराठी कुटुंब तीस तास विजेशिवाय बसलं होतं, हे आपल्याला पुढच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत कळतं. 'कशाला कोणाला त्रास द्यायचा' ही आपली सवय मला इथल्या थंडीपेक्षा जास्त घातक वाटते. मंडळ गणपती आणि दिवाळी उत्तम करतं, नाटकं आणतं, शाळा चालवतं. वादळाच्या रात्री आपल्या माणसाची चौकशी होणार नसेल तर ते सगळं माझ्या लेखी अपुरं आहे.

म्हणून एक सूचना. गावागावांतली मराठी घरं आपल्याला ठाऊक आहेत. प्रत्येक गावात एका कुटुंबाने पुढे यावं आणि तीन-चार घरांची जबाबदारी घ्यावी. वादळाचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी एक फोन: औषधं आहेत का, दूध आहे का, फोन चार्ज आहेत का. बर्फ थांबल्यावर दुसरा फोन: वीज आहे का, पाइप मोकळा आहे का, दारातला बर्फ कोण काढणार आहे. ज्यांच्याकडे स्नो-ब्लोअर आहे त्यांनी तसं कळवावं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दारापर्यंत तो आधी जावा. लोवेल, वूस्टर, ऑलस्टनमधल्या भाड्याच्या खोल्यांत पहिलाच हिवाळा काढणारे विद्यार्थी आहेत. त्यांतला कोणी अंबरनाथचा असेल, कोणी अकोल्याचा. त्यांच्या आईला तिकडे टीव्हीवर बॉस्टनचा बर्फ दिसतो आणि मुलाचा फोन लागत नाही, तेव्हा तिची रात्र कशी जाते, याची कल्पना आपल्याला असायला हवी.

कार्यकारिणीलाही एक विनंती. पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तारखेबरोबर पर्यायी तारीखही आजच ठरवून छापावी. हॉलचे पैसे बुडतील म्हणून वादळात कार्यक्रम रेटू नये. कलाकारांचा हिरमोड होईल, महिनाभर तालीम केलेली मुलं रडतील. तरी रात्री दहा वाजता काळ्या बर्फावरून चारशे माणसांना गाडी चालवत घरी पाठवण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही.

आपल्या गावाची जबाबदारी घ्यायला तयार असाल तर आपलं नाव, गाव आणि फोन क्रमांक या आठवड्यात कार्यकारिणीकडे द्या. घरात ज्येष्ठ असतील, तान्हं मूल असेल, किंवा विजेवर चालणारं वैद्यकीय उपकरण असेल, तर तेही संकोच न करता कळवा. यादी पुढच्या वादळाच्या आत तयार व्हायला हवी, आणि एप्रिलचा पहिला आठवडा उलटेपर्यंत फावडं दारातच असू द्या.