शुक्रवार : कोरडा दिवस

मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक मुलगा डेंग्यूने आजारी पडला. दोन आठवडे त्याची जागा रिकामी होती. मोहल्ल्यातील लोक म्हणाले, "गटारामुळे डास झाले. धूर फवारायला हवा."

मुलांनो, मला हे पटत नाही. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. त्यातच आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. धुराने उडणारे डास मरतात. पाण्यातील अळ्या मरत नाहीत.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करावे. अंडी कडेला चिकटतात, म्हणून ते आतून घासावे, वाळवावे आणि भरल्यावर झाकून ठेवावे. पाणी वाया जाईल असे कोणी म्हणेल. पण उरलेल्या पाण्याने फरशी धुता येते.

शुक्रवारी आपली शाळा लवकर सुटते. तोच आपला कोरडा दिवस ठरवू या. हे काम एकट्या आईवर सोडू नका. डेंग्यू बरा करणारे खास औषध नाही. पण पिंप घासायला दहा मिनिटे पुरतात.