"जा रे, एक पुडी घेऊन ये!"

बालमित्रांनो,

भिगवण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? उजनीच्या पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी? की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलातलं चिलापीचं झणझणीत कालवण? आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मासेमारीचा धंदा आहे. सकाळी वर्गात पाऊल टाकलं की पहिली बातमी कानावर येते ती कुणाच्या जाळ्यात केवढा मासा लागला याची!

एकदा असंच बोलणं चाललं होतं. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्यात आता दोन कालवणं करत्यात. एक आमच्यासाठी, अन् एक बिनतिखटाचं, दादासाठी." (त्याचं नाव मी सांगणार नाही. तसं वचन दिलंय त्याला.)

मी म्हटलं, "दादा अगदी लहान आहे का रे?"

"न्हाई बाई, येकवीस वर्साचा हाय. पण त्याचं तोंडच उघडत न्हाई. घास बी बारीक करून घ्यावा लागतो. अन् जरा तिखट लागलं की डोळ्यातनं पाणी."

वर्ग खो-खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. मधल्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा काय खातो रे?"

"मावा. दिसाला पाच-सा पुड्या."

"आणि आणून कोण देतं?"

त्याने मान खाली घातली. "म्याच."

"मग तू काय खातोस?"

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "उरलेल्या रुपयाची गोड सुपारी. तंबाखू न्हाई हां बाई! नुसती सुपारी."

मुलांनो, या "नुसती सुपारी"मध्येच सगळी मेख आहे. मावा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घासून केलेलं मिश्रण. त्यातली तंबाखू वाईट हे आपण सगळे म्हणतो. सुपारीला मात्र कुणी नावं ठेवत नाही. ती पूजेत असते, लग्नात असते, पाहुण्यांपुढच्या तबकात असते. पण पूजेत ठेवणं वेगळं आणि रोज गालात धरून चघळणं वेगळं. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली टणक दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. पाण्यातलं जाळं कसं मऊ असतं, आणि चिखलासकट उन्हात वाळलं की कसं ताठ होतं? तसाच गाल ताठ होतो. तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. पुढे त्याच जागी कर्करोग होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सांगितलं, की तंबाखू न घातलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते.

त्याच २००४ सालची आपल्याकडची गोष्ट ऐका. आमच्या शेजारच्या बारामतीचे नेते शरद पवार यांना तोंडाचा कर्करोग झाला. ऐन लोकसभा निवडणुकीचे दिवस होते. मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यातून ते बरे झाले. पुढे २०१८ मध्ये मुंबईत दंतवैद्यांच्या एका कार्यक्रमात ते स्वतःच म्हणाले, की सुपारी खाण्याच्या सवयीचा त्यांना पश्चात्ताप होतो. चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं. बघा, एवढ्या मोठ्या माणसालाही वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही. तुम्हाला मी आज सांगतेय!

आता तंबाखूकडे वळू. एकदा लागली की ती सुटत का नाही? आपण शर्यत जिंकलो, अवघड गणित सुटलं, की मेंदू आपल्याला आतून शाबासकी देतो. आपल्याला बरं वाटतं. तंबाखूतलं निकोटीन मेंदूकडून हीच शाबासकी फुकटात काढून घेतं. काही केलेलं नसताना मिळालेली खोटी शाबासकी! काही दिवसांनी मेंदू तिच्यावाचून रुसून बसतो. चिडचिड होते, डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग पुन्हा पुडी. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून लहान वयात लागलेली सवय जास्त घट्ट बसते. ओल्या सिमेंटवर उमटलेलं पाऊल पुसता येतं का कधी?

आणि ती लहान वयातच लागते, बरं का! २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची सरकारी पाहणी झाली. त्यात शंभरातले आठ-नऊ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. धूर न काढता, म्हणजे चघळून किंवा दाताला लावून तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरू केली होती. दहावा वाढदिवस म्हणजे कोणती इयत्ता? चौथी-पाचवी. माझाच वर्ग!

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी आजी मिश्री लावायची. लहानपणी तिची तंबाखू दुकानातून मीच आणायचे. ती तव्यावर भाजली की घरभर ठसका उठायचा, आणि मी शेजारी बसून बघायचे. एकदा तिच्या डबीतली चिमूटभर दाताला लावली. गरगरलं, उलटी झाली, म्हणून मी वाचले. आजी वाईट नव्हती हो. मला ती जिवापाड जपायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की मिश्री हीसुद्धा तंबाखूच. म्हणून त्या मुलाला रागावायला माझी जीभ उचलेना.

कायदा काय सांगतो? २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. "आजोबांसाठी पाहिजे" म्हटलं तरी नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत ती विकायला बंदी आहे. गुटख्यावर तर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी पुड्या मिळतातच. म्हणून कायद्याच्या जोडीला आपला नकारही हवा.

आमच्या त्या दोस्ताने तो दिला. एका संध्याकाळी दादा नेहमीसारखा म्हणाला, "जा रे, एक पुडी घेऊन ये!" हा म्हणाला, "दादा, पाणी आणतो, जाळं धुतो, पण पुडी आणणार न्हाई." दादा भडकला आणि स्वतः चालत टपरीवर गेला. पण चार दिवसांनी भावाबरोबर दवाखान्यातही गेला. डॉक्टरांनी सांगितलं, "ताठ झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होणं अवघड. पण आज सोडलं तर पुढचं नुकसान थांबेल. तपासणीला मात्र येत राहा." आता त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर बिनपुडीच्या दिवसांवर निळी फुली असते. मधे चार दिवस कोरे गेले. मग पुन्हा फुल्या सुरू झाल्या. कालवणं अजून दोनच होतात.

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशीही. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर आधी हात उचलू नका, जवळ बसवा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसाला माया लागते, हे त्या केंद्राने महाराष्ट्राला शिकवलं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. गंमत म्हणजे तो पुडीवरच छापलेला असतो! आणि एवढं कराच: तुमची पुडी आणायला मुलांना पाठवू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

आरशासमोर उभे राहा. तोंड मोठ्ठं उघडा. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक, उभी धरून दातांच्या मधे घाला. जातात ना? आता घरातल्या मोठ्यांनाही तसं करायला सांगा. हसत-खेळत, हं! कुणाची तीन बोटं जात नसतील, तर त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं काम तुमचं. काय झालं ते मला पत्राने कळवा. नाव कुणाचंच छापणार नाही. वचन!

तुमची,
बाई