काट्यावरचा वेग, रस्त्यावरचा वेग

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ‘काटा जरा जास्तच दाखवतो’ म्हणत काही चालक १३० गाठतात. त्यात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के आणि वर ४ किलोमीटर इतकी मुभा आहे. पण ही राखीव सुरक्षितता आहे, चालकाला दिलेली सूट नव्हे. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की काटा पूर्वीपेक्षा कमी दाखवतो आणि ही शिल्लक आटते. १२० च्या वेगाने मोटार सेकंदाला ३३ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढा रस्ता मागे पडतो. वेग खरोखरच १३० झाला, तर धडकेची ऊर्जा १७ टक्क्यांनी वाढते.

मोजणाऱ्याचे मापही चोख हवे. १ जुलै २०२५ पासून रडार वेगमापकांची वैधमापन पडताळणी आणि मुद्रांकन बंधनकारक झाले आहे. त्या पडताळणीची तारीख ई-चलानवर छापावी. तराजूवर शिक्का दिसला की गिऱ्हाईक हुज्जत घालत नाही.