मेनू वेगळा असो, दडलेला नसो

जीएसटीच्या पोर्टलवर दोन व्यापारी आपापल्या नावाने शिरले, तर दोघांना एकच मेनू दिसेल असे नाही. नियमित नोंदणी असलेल्यापुढे जीएसटीआर-१ व ३-बी ही विवरणपत्रे येतात. कंपोझिशनवाल्यापुढे दर तिमाहीचे सीएमपी-०८ व वर्षाचे जीएसटीआर-४ येते. कंपोझिशनमध्ये शिरण्याचा अर्ज एकाला दिसतो, बाहेर पडण्याचा दुसऱ्याला.

ही विभागणी गैर आहे, असे आमचे म्हणणे नाही. लहान दुकानदारापुढे नको ते रकाने मांडून काय उपयोग? आमचा आक्षेप इतकाच की, जे दार आपल्याला बंद आहे ते मेनूत दिसतच नाही. जे दिसत नाही त्याची चौकशी कोण करणार?

अमरावतीचा कापड व्यापारी किंवा बाळापूर-अकोटचा नोंदणी केलेला सतरंजीवाला घ्या. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असली की कंपोझिशनमध्ये १ टक्का कर. समजा, ६० लाखांची विक्री झाली, तर ६० हजार भरून मोकळे. पण हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आपल्याकडून माल घेणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यालाही ती मिळत नाही, म्हणून तो दुसरीकडे वळतो. शिवाय परराज्यात विक्री बंद. परतवाड्याहून बैतूल आणि अकोल्याहून बुऱ्हाणपूर या पेठा जवळच्या. पण त्या मध्य प्रदेशात! १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारात माल विकण्याची मुभा मिळाली, तीही राज्यापुरतीच.

पोर्टलने बंद दारेही दाखवावीत आणि ती कोणत्या अटीवर उघडतात हे शेजारी मराठीत लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानाची वेबसाइट काढून घाऊक व किरकोळ गिऱ्हाइकांना वेगळा मेनू देणाऱ्या आपल्या बांधवांनीही हेच करावे. किती नग घेतल्यावर घाऊक दर लागतो, हे किरकोळ गिऱ्हाइकाला कळले तरच तो उद्या घाऊक होईल.

तोवर व्यापारी बांधवांनी सल्लागाराच्या हाती कागद देऊन स्वस्थ बसू नये. दोन्ही वर्गांत काय मिळते आणि काय जाते, ते समोर बसून लिहून घ्यावे. कंपोझिशनमधून केव्हाही बाहेर पडता येते. परंतु नव्या वर्षासाठी आत शिरायचे तर ३१ मार्चपर्यंतच अर्ज करावा लागतो. एक टक्क्याच्या सोयीपायी आपण कोणती पेठ सोडतो आहोत, हे त्याआधी ठाऊक असलेले बरे.