मंचावर कुणी उभं राहायचं?

जून उजाडला की जळगाव-धुळ्याच्या चौकांत पर्यावरणाची पथनाट्यं सुरू होतात, आणि या सदराच्या वाचकांना ठाऊक असलेला माझा जुना राग पुन्हा वर येतो. त्यात काम करणाऱ्या मुलांबद्दल तक्रार नाही, ती जीव ओतून करतात. राग संहितेवर आहे. एक शहाणा शहरी, एक अडाणी शेतकरी, आणि दहा मिनिटांत शहाण्याने अडाण्याला पढवलेलं 'झाडे लावा, झाडे जगवा'. रावेर-यावलच्या ज्या माणसाने काढणीला आलेली केळीची बाग एका वादळात घडांसकट आडवी झालेली पाहिली, 45 अंशांच्या वरच्या उन्हात पानं फाटून करपताना पाहिली, त्यालाच हवामान बदलल्याची बातमी सांगायला आपण पोरांना धाडतो. ज्याने सांगायचं तो ऐकत बसतो, आणि ज्यांनी ऐकायचं ते भाषण देतात.

प्रशांत महासागरातल्या बेटांवर हे वेगळ्या रीतीने झालं. फिजीतल्या सुवा इथल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात 2013 मध्ये 'मोआना: द रायझिंग ऑफ द सी' हे संगीत नृत्यनाट्य उभं राहिलं, आणि 2015 मध्ये ते नॉर्वेतल्या बर्गनपर्यंत पोचलं. डिस्नेचा 'मोआना' चित्रपट त्यानंतरचा, 2016 चा. नाटकाचा विषय चढत्या समुद्राचा. लेखक विल्सोनी हेरेनिको स्वतः रोटुमा बेटाचे, आणि गाणारे-नाचणारे विद्यापीठाच्या पथकांतले. विषय हवेतला नव्हता. 2014 मध्ये फिजीतलं वुनिदोगोलोआ हे आख्खं गाव किनारा सोडून आत, उंचावर हलवावं लागलं. त्या नाटकाचं मोल मला यात वाटतं की बेटवाल्यांनी युरोपाकडे दया मागितली नाही, आपली बाजू आपल्या चालीत मांडली.

खान्देशाला समुद्र नाही, मग आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. गाव बुडणं म्हणजे काय, हे खान्देशाला वेगळं शिकवावं लागत नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली 1993 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागलं, तेव्हा ते धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. महाराष्ट्रातली अशी 33 गावं त्या धरणाने बाधित झाली. मणिबेली हवामानाने बुडवलं नाही, धरणाने बुडवलं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कारणं वेगळी आहेत आणि ती एकात मिसळू नयेत. परंतु माणसाच्या वाट्याला येणारा हिशेब दोन्हीकडे एकच असतो. ज्यांनी लाभ घेतला ते दूर, आणि पाणी आलं ते ज्यांनी काहीच वापरलं नव्हतं त्यांच्या उंबऱ्यावर. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटराष्ट्राचा धूर जगाच्या हिशेबात नगण्य. मणिबेलीत तर वीजही नव्हती. नर्मदाकाठच्या लोकांनी हा अन्याय पावरी-भिली गाण्यांतून मोर्चांत मांडला. ते गाणं आपल्या नाट्यगृहांत मात्र क्वचितच आलं.

ते का आलं नाही, हे शहाद्याकडचे भिल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत केव्हाच दाखवून दिलं आहे. ज्यांचं दुःख ते खाली बसलेले, आणि ते दुःख त्यांनाच समजावून सांगणारे मंचावर. पर्यावरणाच्या प्रत्येक पथनाट्याआधी ही कविता वाचली जावी असं मला मनापासून वाटतं. साधनांची वाण आपल्याकडे नाही. समूहाने गायची अहिराणी वही आहे, आखाजीला झोक्यावरची बायकांची गाणी आहेत, सातपुड्यात सोंगाड्या पार्ट्या आहेत, साक्रीकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव आहे. यातली बहुतेक गाणी मुळातच ऋतूशी, पिकाशी, पावसाशी बोलतात. आखाजी तर ऐन वैशाखातला सण. ऊन वाढलं म्हणजे काय झालं, हे त्या गाण्यांइतकं नेमकं कुठली सरकारी पत्रिका सांगेल? पण वहीवाल्यांना आपण बोलावतो ते बहुधा योजनेच्या प्रचाराला, शब्द कार्यालयात लिहून तयार असतात आणि त्यांनी फक्त चाल लावायची असते. गाणाऱ्याची अक्कल बाहेर ठेवून त्याचा गळा तेवढा वापरण्याचा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच ती गाणी कार्यक्रमाबरोबर मरतात.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे: गाण्याने समुद्र थांबतो का? नाही थांबत. केळीचा विमाही गाण्याने मिळत नाही. तरी त्याच साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये एक मागणी धरली, की हवामानाबाबत राष्ट्रांची कर्तव्यं काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगावं. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला आणि 23 जुलै 2025 ला हेगच्या न्यायालयाने आपलं मत दिलं: हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. नाटकामुळे निकाल लागला असं मी म्हणणार नाही, तो दुवा कुणी सिद्ध केलेला नाही. माझं म्हणणं एवढंच की आपलं दुःख आपल्या तोंडाने, भर सभेत, न लाजता मांडायची सवय समाजाला असावी लागते. ती रंगमंचावर लागते आणि न्यायालयातही कामी येते.

म्हणून माझी मागणी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहे. सुवाच्या विद्यापीठाने केलं ते जळगावच्या विद्यापीठाला अशक्य नाही. 'युवारंग' महोत्सव आहे, त्यात नाचणारी-गाणारी मुलं केळीच्या, कापसाच्या आणि पाड्यावरच्या घरांतूनच येतात. त्यांना घोषवाक्य देऊ नका. त्यांना वर्षभर वहीच्या म्हाताऱ्या कलावंतांकडे, नर्मदाकाठच्या विस्थापितांकडे, वादळात बाग गेलेल्या शेतकऱ्यांकडे पाठवा. त्या कलावंतांना गुरुजींचा मान आणि मानधन द्या, आणि संहिता अहिराणी, भिली, पावरी, लेवा बोलीत त्यांनाच लिहू द्या. प्रेक्षकांना हसायला हवं असतं हे खरं. आपल्या लोकनाट्याला हसवत हसवत जाब विचारता येतो, हेही तितकंच खरं. असं एक नाटक धुळ्यात आणि जळगावात झालं, तर पुढचा प्रयोग मुंबईत मंत्रालयासमोर व्हावा, आणि त्या दिवशी शहाण्यांनी खाली बसून ऐकावं.