पोरींच्या कुस्तीला नाट कोण लावतं?

"कुस्ती म्हणजे सांगली-कोल्हापूर. आपला मुलूख धानाचा. आणि पोरींची कुस्ती? ते तर 'दंगल' सिनेमा आल्यापासूनचं खूळ." गोंदिया जिल्ह्यात मुलींच्या आखाड्याचा विषय काढला, की असले शेरे ऐकायची तयारी ठेवावी लागते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण हे बोलणं चूक आहे, आणि त्याची किंमत दहा-बारा वर्षांच्या पोरींना मोजावी लागते.

आधी सिनेमाचं पाहू. तो आला 2016 साली. त्याच्या 72 वर्षं आधी, 1944 मध्ये, मुंबईत एका बाईची कुस्ती बघायला 20 हजारांच्या आसपास माणसं जमली होती. समोर गूंगा पैलवान होता. त्याने ऐन वेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली, आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. तिची कुस्ती हुकली म्हणून पेटलेली ही गर्दी होती. त्या बाईचं नाव हमीदा बानू.

मिर्झापूरच्या पैलवान घराण्यातली ही मुलगी अलीगढला सलाम पैलवान या वस्तादाच्या हाताखाली तयार झाली. बायकांसाठी ना स्पर्धा होत्या ना वजनगट. जोडीला बाई मिळायची मारामार. मग ती पुरुषांशीच लढू लागली. 1954 च्या फेब्रुवारीत तिने जाहीर आव्हान दिलं, की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कोलकात्याचा एक असे दोन नामांकित मल्ल तिच्यापुढे हरले. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथे छोटा गामा पैलवानाने बाईशी लढणार नाही म्हणत अंग काढून घेतलं. त्याच्या जागी बाबा पैलवान उतरला आणि 1 मिनिट 34 सेकंदांत तिने त्याला हरवलं. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन पैलवानीणीला तिने मिनिटभरही टिकू दिलं नाही.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तिचा खुराक मोठ्या चवीने छापला. साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर मटण, साडेचारशे ग्रॅम लोणी, सहा अंडी, शिवाय दोन थाळ्या बिर्याणी. वजन 108 किलो, उंची पाच फूट तीन इंच. लोकांच्या लक्षात राहिली ती बिर्याणी. रोजची सहा तासांची मेहनतही त्याच बातम्यांत होती. त्या मेहनतीची आठवण कुणी ठेवली नाही.

विरोधकांचा वजनदार मुद्दा पुढेच आहे, आणि त्याला बगल देणं बरं नव्हे. तिच्या कुस्त्या ठरवून केलेल्या होत्या, असं तेव्हाही बोललं गेलं. कोल्हापूरकडे तिने एका पंजाबी पैलवानाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती प्रादेशिक कुस्ती संघटनेने हरकत घेतल्याने रद्द झाली. आपल्या कुस्त्यांवरच्या बंदीविरुद्ध तिने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं, की बाई म्हणून बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर नुसती बुजगावणी उभी करतात अशा तक्रारी आहेत.

समजा, तक्रारी खऱ्या होत्या. मग इलाज काय? पंच नेमा, वजन करा, निकालाची नोंद ठेवा, बाईसमोर बाईची जोड लावा. नुराकुस्तीचा संशय पुरुषांच्या फडातही घेतला जातो, म्हणून पुरुषांचे आखाडे कुणी बंद केले नाहीत. पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 मध्ये सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली 2023 साली. मधली 62 वर्षं ज्या पोरींच्या अंगात कस होता, त्यांनी तो दाखवायचा कुठे? आधी मैदान द्यायचं नाही आणि मग यांची परंपराच नाही म्हणायचं, हा न्याय नव्हे.

राहता राहिला मातीचा प्रश्न. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून विदर्भात व्यायामाचं काम करतं आहे. 2025 च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरीचा फड वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत रंगला आणि श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडने गदा उचलली. गोंदियाहून देवळी कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ.

आणि ताकदीचं म्हणाल, तर रोवणीच्या दिवसांत बांधीवर जाऊन उभं राहावं. पोटरीभर चिखल, कंबरेत वाकलेल्या बाया, हातात परह्याची पेंढी. एकेक पाय चिखलातून उपसत, मागे मागे सरकत त्या दिवसभर रोवतात. कंबर, मांड्या आणि तोल हे कुस्तीचं भांडवल. त्या बायांच्या लेकींना 'हा तुमचा खेळ नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

हमीदा बानूचे पुढचे दिवस कल्याणला गेले. तिने दूध विकलं, शेवटी हलाखीत रस्त्याकडेला घरचं खाणं विकलं. 1986 मध्ये ती वारली. 2023 मध्ये सांगलीत अंतिम कुस्ती लागली तेव्हा जिंकली सांगलीची प्रतीक्षा बागडी, आणि तिच्यासमोर होती कल्याणचीच वैष्णवी पाटील.

गोंदिया जिल्ह्यात कुस्त्यांची आमदंगल भरवणाऱ्या मंडळींना म्हणून एकच विनंती. यंदाच्या पत्रकावर मुलींचे वजनगट छापा, आणि त्यांच्या नावापुढची बक्षिसाची रक्कम मुलांएवढीच ठेवा.