ओसरीवरच्या गप्पा : जुने स्पीकर घेताना



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते आणि फवारणी यांवरच बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे.

मागे हळदीचा एक प्लॉट पाहायला गेलो होतो. काम उरकून अण्णांच्या ओसरीवर चहाला बसलो, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने विषय काढला. "काका, तुम्हाला स्पीकरमधलं कळतं म्हणे. मामानं त्याचा होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर आम्हाला दिलाय, पण स्पीकर नाहीत. जुने दोन ठिकाणी बघून ठेवलेत. कुठले घेऊ?"

हळदीच्या पैशातून अण्णांनी यासाठी १०,००० रुपये बाजूला काढले होते. मी म्हटले, "अण्णा, टीव्हीला आवाज असतोच की. एवढा खर्च कशाला?"

अण्णा गप्प बसले. वहिनी आतून म्हणाल्या, "हौस म्हणून नाही हो भाऊजी. आबांना टीव्हीतलं बोलणं कळत नाही. सगळे हसतात आणि ते नुसते तोंडाकडं बघत राहतात. हल्ली जेवण झालं की उठून गोठ्याकडं जातात. चार माणसांत बसायचंच सोडलंय त्यांनी."

तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रश्न स्पीकरचा नाही, घरातल्या वडील माणसाचा आहे. मी सांगितले, "आधी आबांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. स्पीकर आपण येत्या रविवारी पाहू."

इथे माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. १९९८ साली, नोकरी नवी असताना, मी शहरातल्या एका दुकानातून स्पीकरची जुनी जोडी २,५०० रुपयांना आणली. पेटी चकचकीत, जाळी नवी. दोन महिन्यांत आवाज फाटू लागला. जाळी काढून पाहतो तो पडद्याच्या कडेचा स्पंज बोट लावताच भुग्यासारखा गळाला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! त्यानंतर मात्र मी हा विषय शिकून घेतला.

बैल घेताना आपण त्याच्या अंगावरची झूल पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. स्पीकरचेही तसेच आहे. आत एक चुंबक, त्यात तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटलेला कागदी किंवा प्लॅस्टिकचा पडदा. वीज आली की वेटोळे मागे-पुढे हलते, पडदा हवा ढकलतो आणि आवाज होतो. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये ही रचना मांडली. आजही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. म्हणून जुना स्पीकर वाईट, असे मुळीच नाही. नीट ठेवलेला स्पीकर तीस वर्षेही काम देतो. पाहायचे ते एवढेच, की झिजणारे भाग शाबूत आहेत का.

रविवारी मुलाबरोबर निघालो. पिशवीत मीटर, टॉर्च आणि आवाजाची चांगली ओळख असलेली दोन गाणी भरलेला मोबाइल होता.

पहिली जोडी शहरातल्या दुकानात होती. कमरेइतक्या उंच दोन पेट्या, किंमत ९,००० रुपये. दुकानदाराने गाणे लावले आणि काचा थरथरल्या. मुलाचे डोळे चमकले. दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन हजार वॅटचा माल आहे." मी विचारले, "पीएमपीओ की आरएमएस?" तो हसला. बंधूंनो, लक्षात ठेवा, पीएमपीओ हा आकडा कोणत्याही एका मापाला बांधलेला नसतो, तो हवा तेवढा फुगवता येतो. खरी ताकद आरएमएस वॅटमध्ये पाहावी. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढाच.

मग जाळी काढायला लावली. पडद्याची कड स्पंजची होती. बोट हलकेच लावले तर ते चिकट लागले आणि खड्डा तसाच राहिला. आपल्या दमट-उष्ण हवेत असा स्पंज पंधरा-वीस वर्षांत कुजतो. तो बदलून मिळतो, पण त्याचा खर्च किमतीत धरावा लागतो. मीटर लावला तर ३.४ ओहम आले, म्हणजे स्पीकर ४ ओहमचे. मामाच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ६ ते १६ ओहम असे छापलेले. कमी ओहमचा स्पीकर जास्त करंट ओढतो. आवाज मोठा ठेवला की अ‍ॅम्प्लिफायर तापतो, बंद पडतो, प्रसंगी जळतो. शेवटी वरच्या छोट्या स्पीकरला, म्हणजे ट्वीटरला, कान लावला. उजवीकडचा बोलत होता, डावीकडचा मुका. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे बाहेरून लावलेल्या मीटरवर ट्वीटरचा दोष दिसत नाही. तो कानानेच तपासावा.

दुसरा माल तालुक्याच्या गावी एका निवृत्त गुरुजींकडे होता. दोन छोट्या पेट्या आणि त्याच बनावटीचा एक आडवा मधला स्पीकर, तिन्ही मिळून ६,५०० रुपये. वर धूळ बसलेली. गुरुजींनी आधीच सांगितले, "हा कोपरा पावसाच्या गळतीनं फुगलाय बरं का. नंतर म्हणू नका सांगितलं नाही." ज्याने स्वतः दोष दाखवला त्याचा निम्मा विश्वास तिथेच बसतो. तरीही तपासणी सोडली नाही. कड रबराची, मऊ आणि अखंड. दोन्ही हातांच्या बोटांनी मोठा पडदा सारखा दाब देऊन हळूच आत ढकलला, खरखर नाही. खरखर आली तर वेटोळे जळालेले किंवा सरकलेले समजावे. ट्वीटरचा नाजूक घुमट मात्र कधीही दाबू नये. मीटरवर तिन्ही सहाच्या आसपास, म्हणजे ८ ओहमचे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो. काटा अजिबात हलला नाही तर तार तुटलेली.

मग एका माणसाचे नुसते बोलणे दोन्ही पेट्यांवर लावले आणि मध्ये उभा राहिलो. आवाज बरोबर दोघांच्या मधून आला. तो एका बाजूला कलला तर एक स्पीकर अशक्त आहे. बोलणे पसरट वाटून खर्ज नाहीसा झाला, तर एकीकडची तार उलटी जोडलेली असते. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हे दोन्ही पेट्यांना सारखे असावे.

मुलगा हिरमुसला. "काका, पहिल्याचा दणका याला नाही." तो खोटे बोलत नव्हता. छोट्या पेटीला खोल खर्ज निघत नाहीच. मी विचारले, "आबांना दणका ऐकायचाय की बोलणं?" तो काही बोलला नाही. पाच स्पीकर आणि एक खर्जाची पेटी अशा पूर्ण मांडणीत चित्रपटातले बोलणे बहुतेक मधल्या स्पीकरमधूनच येते. टीव्हीचा आवाज दोनच मार्गांचा असला तरी असे अ‍ॅम्प्लिफायर त्यातून मधला आवाज वेगळा काढून देतात. गुरुजींच्या मालात नेमका तोच स्पीकर होता, आणि तोही बाकी दोघांच्या जातीचा. मागचे दोन स्पीकर आणि खर्जाची पेटी पुढे सवडीने घेता येते. उरलेले ३,५०० रुपये वहिनींनी त्यासाठी डब्यात ठेवले.

घरी मांडताना काही गोष्टी केल्या, त्या आपणही कराव्यात.

१) मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवून त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे किंचित वर केले.

२) पेट्या कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड फूट पुढे घेतल्या. कोपऱ्यात खर्ज घुमतो आणि बोलणे बुडते.

३) स्लॅबच्या मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून येतो. म्हणून खाली सतरंजी टाकली आणि मागच्या भिंतीला जाड गोधडी टांगली.

४) दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली. ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत ती पुरते. जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवला.

५) पेटीच्या मागच्या भोकात उंदीर घर करतो, म्हणून त्यावर बारीक जाळी लावली. पेट्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवल्या, म्हणजे ओल आणि वाळवी लांब राहते.

६) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मधल्या स्पीकरचा आवाज ३ डेसिबलने वाढवला.

आबांच्या कानाचेही सांगतो. डॉक्टरांनी घट्ट बसलेला मळ काढला आणि बाकीचे वयामानाने कमी झाले आहे, यंत्र लावून पाहू, असे सांगितले. तेव्हा सगळे श्रेय स्पीकरला देऊ नये. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला नुसता मोठा आवाज नको असतो, स्वच्छ शब्द हवे असतात. घरातल्यांनीही समोर बसून, सावकाश बोलावे.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या वाटेने गेलो. रात्री जेवण झाले, टीव्हीवर गावाकडची मालिका लागली. आबा गोठ्याकडे न जाता भिंतीला टेकून बसले. नायक शेत नांगरत मोठमोठी वाक्ये बोलत होता. आबांनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बोलतोय झकास, पर नांगर असा कुणी धरतं व्हय रं?"

सगळे हसले, आणि या वेळी आबाही हसले.